एका अक्षराची किळस

‘शी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच लागू पडतात. लहान मूल जे करतं ती शी, आणि ते पाहून घरातली मोठी माणसं जे म्हणतात तेही शी. वस्तू आणि तिच्यावरचा अभिप्राय एकाच अक्षरात उरकायचा, ही काटकसर रत्नागिरीकराला मनापासून पटण्यासारखी आहे. ज्या मुलखात नारळाचं खोबरं खातात, करवंटीची डवली करतात, सोडणाचा काथ्या वळतात, झावळीची झापं विणतात आणि उरलेल्या हिरांचा खराटा बांधतात, तिथे शब्दाला तरी एकाच कामावर कोण ठेवील?

आता यातला आधीचा अर्थ कुठला, हा वाद आहे. माझं मत उद्गाराच्या बाजूने. कुत्रा भुंकतो म्हणून मुलांच्या भाषेत तो भूभू, गाय हंबरते म्हणून हम्मा. त्याच न्यायाने आई नाक मुरडते म्हणून ती शी. फरक एवढाच, की भूभू आणि हम्मा आपलं नाव आपण सांगतात. शी बिचारी मुकी, तिच्या वतीने आईलाच बोलावं लागतं. ‘शू’चं तसं नाही. ती आपल्याच आवाजावरून बारसं करून घेऊन आली आहे.

शाळेत या शब्दांना केवलप्रयोगी अव्ययं म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून ही मंडळी व्याकरणाच्या पुस्तकात शेवटच्या बाकावर बसून आहेत. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, वाक्याशी काही देणंघेणं नाही. आमच्या वेळी फळ्यावर त्यांची खाती पाडलेली असत. आनंददर्शक वाहवा, शोकदर्शक अरेरे, आणि तिरस्कारदर्शक शी, छी, थू, हुड, फुस, छत्. यातलं ‘हुड’ आणि ‘छत्’ जिवंत माणसाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. परीक्षेच्या पेपरातच त्यांचा तिरस्कार चालू असतो. शी मात्र पेपर लिहून झाल्यावरही कामाला येते. संस्कृतात इतकी मोकळीक नाही. तिथे ‘धिक्’ म्हणायचं तर पुढच्या शब्दाची द्वितीया लावावी लागते. किळस आली तरी आधी विभक्ती बघायची. तोवर झुरळ कपाटामागे.

मराठीने ‘श’ या एका अक्षराकडून केवढी कामं करून घेतली आहेत, हे बसून मोजण्यासारखं आहे. गप्प करायला श्श. बोलावायला शुक् शुक्. ओझं उतरलं की हुश्श. लाजताना इश्श. यांतल्या प्रत्येकात दातांच्या फटीतून वारा सोडणं एवढंच होतं, पण वारा कुठल्या स्वराच्या हातात दिला यावर सगळं ठरतं. इश्श आणि शी तर सख्ख्या बहिणी. एकीत ‘इ’ पुढे आणि ‘श’ मागे, दुसरीत उलट. जुन्या नाटकातली नायिका पहिल्या अंकात इश्श म्हणायची आणि लग्न होऊन तिसऱ्या अंकात पोचली की शी.

शीमध्ये ‘ई’ का आली, ते आरशात बघून कळतं. लांब ई म्हणताना ओठ ताणले जातात, गाल वर चढतात. त्यातच वरचा ओठ जरा उचलला की नाकाशी सुरकुती पडते आणि किळसलेला चेहरा आयता तयार होतो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात किळसेच्या मुद्रेचं असंच वर्णन आहे: वर उचललेला ओठ, आक्रसलेलं नाक, काहीतरी बाहेर टाकायच्या बेतात उघडलेलं तोंड. म्हणजे आधी चेहरा झाला आणि त्या चेहऱ्यातून वारा सोडला तेव्हा जो आवाज आला, तोच आपण शब्द म्हणून पदरी घेतला. इंग्रजांचं फाय, जर्मनांचं प्फुई, रशियनांचं फू हे सगळे ओठांनी फुंकर मारून वस्तू लांब उडवतात. आपण दात आवळतो. आत येऊ द्यायचं नाही, एवढाच आपला आग्रह.

शेजारच्या भाषांत ‘छी’ जास्त चालते. बंगालीपासून कानडी-तमिळपर्यंत थोड्याफार फरकाने तीच. मराठीतही ती आहे, पण आपण तिला पुस्तकात आणि रंगमंचावर ठेवली. छापताना पुढे विसर्गही देतात: ‘छीः!’ हा विसर्ग म्हणजे थुंकी गिळल्याची खूण असावी. खलनायकाच्या अंगावर टाकायला छी ठीक आहे. सकाळी मोरीत गांडूळ दिसलं तर कुणी ‘छीः’ म्हणत नाही. तिथे शीच लागते. आणि ‘छी थू’ ही जोडी तर आता माणसाने म्हणण्यापुरती उरलीच नाही, ती फक्त ‘होते’. गावात त्याची छी थू झाली, म्हणतात. प्रत्यक्ष थुंकायला कोणी गेलेलं नसतं.

रत्नागिरीत शीचे सूर मात्र ऐकण्यासारखे आहेत. आखूड ‘शी’ म्हणजे निव्वळ नापसंती: पेपर अवघड गेला, पाऊस थांबत नाही, दूरदर्शनवरची मालिका पुन्हा तीच. लांबलेली ‘शीऽऽ’ म्हणजे पावसाळ्यातल्या जीवजंतूंची हजेरी: ओट्यावर गोगलगाय, न्हाणीघरात गोम, पायरीवर पैसा किडा वेटोळं करून बसलेला. ‘शी गो’ म्हटलं की त्यात शेजारणीला सामील करून घेतलेलं असतं. ‘शी रे मेल्या’ ही नुसती माया. आणि ‘शी बाई, काहीतरीच’ ही तर इश्शच. सासरी नांदायला आली म्हणून नाव बदललं.

शीच्याच घरातली वाटावी अशी आणखी एक आमची ठेव आहे, ‘शिंचा’. रक्ताचं नातं नाही, पण शेजार जुना. काय शिंची कटकट, शिंच्याला अक्कल नाही, शिंचं मांजर दूध प्यायलं. पु. लं.च्या अंतू बर्व्याच्या या गावात ज्या आज्या आयुष्यभर देवापुढे निरांजन लावताना ‘शिंची वात पेटत नाही’ म्हणत आल्या, त्यांना हा शब्द ‘शिंदळीचा’ या शिवीचा झिजून उरलेला तुकडा आहे हे कुणी सांगितलं नाही. सांगूही नये. शब्द नदीतल्या गोट्यासारखा इतका गुळगुळीत झाला आहे, की आता तो कुणाला लागत नाही.

किळसेचा कारभार बहुतेक नाकाकडे असतो आणि नाकाच्या बाबतीत मराठी माणसाचं मत फारसं चांगलं नाही. ‘घाण’ हा शब्द संस्कृत ‘घ्राण’चा वंशज. घ्राण म्हणजे नुसता वास, किंवा वास घेणारं नाक. त्यात वाईट काही नव्हतं. आपल्यापर्यंत येता येता नाकाला जे जे कळतं ते सगळं घाण ठरलं. मग साधेपणाने सांगायला ‘वास’ शब्द ठेवला, तर त्याचीही तीच गत. ‘तुमच्या घरात वास येतोय’ असं यजमानाला सांगून बघा. चांगला असला तर ‘सु’ जोडून खुलासा करावा लागतो. वाईटाला मात्र विशेषणांची कोठारं भरलेली: खवट तेल, कुबट कपडे, आंबूस भात, कोंदट खोली, ओशट भांडं, आणि कच्च्या मासळीचा हिंवस. एवढं बारीक वर्गीकरण आपण सुगंधाचं केलेलं नाही. कपाटातून काढलेल्या गोधडीला कुबट म्हणायचं की कोंदट यावर आमच्याकडे दोन बायका अर्धा तास बोलू शकतात, आणि दोघींचंही बरोबर असतं.

हिंवस वासाचा विषय निघाला की मिरकरवाडा बंदर आलंच. लिलावाच्या वेळी तिथे उभं राहिलं तर पहिल्या मिनिटाला जो वास डोक्यात जातो, तो पाचव्या मिनिटाला जाणवत नाही. नाकाची ही सोय फार मोठी आहे. बाजारात एकदा एका पाहुण्या बाईंनी बांगड्याचा कल्ला वर करून बघितला, पोट दाबलं आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, “शी, वास येतोय गं याला.” कोळीण पाटीवरून मान वर न करता म्हणाली, “माशाला माशाचा नाय येणार, तर काय सोनचाफ्याचा येईल? घे गो बाय, ताजे हायत.” बाईंनी घेतले. घासाघीस न करता घेतले, ही त्यातली खरी गंमत.

मे महिन्यात अंगणात सुकट, बोंबील वाळत पडले, की वाऱ्याच्या दिशेवर आळीतल्या लोकांचे स्वभाव ठरतात. सोवळ्याच्या घरातून शी निघते, खिडक्या लागतात. आता त्या घरात त्याच सकाळी अंगण शेणाने सारवलेलं असतं आणि सोयर फिटलं म्हणून गोमूत्र शिंपडलेलं असतं, त्याचा वास कुणाला येत नाही. उलट बाजूनेही हिशेब चुकता होतो. सुकट वाळवणारी शेजारीण त्यांच्याकडे जेवायला बसली, आमटीचा पहिला घास घेतला आणि हळूच लेकीला म्हणाली, “शी गो, आमटीत गूळ!” एका भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन शिया, दोन्ही प्रामाणिक.

डार्विनच्या त्याच पुस्तकात असा एक प्रसंग आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा डेल फ्युएगोत, तो उघड्यावर बसून डब्यातलं थंड मांस खात होता. तिथल्या एका माणसाने त्याला बोट लावून बघितलं आणि त्या लिबलिबीतपणाने त्याला शिसारी आली. इकडे डार्विनलाही शिसारी आली, ती उघड्या माणसाने आपल्या अन्नाला बोट लावल्याची. हात तसे मळलेले दिसत नव्हते, हेही त्याने इमानदारीने लिहून ठेवलंय. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा माणूस आणि आमच्या आळीतली आमटी यांच्यात फार अंतर नाही.

लिबलिबीतपणावरून बरका फणस आठवला. फणसात दोन जाती: कापा आणि बरका. कापा सरळ, कुरकुरीत, सभ्य. मुंबईचा पाहुणा तो दोन बोटांत धरून खातो आणि फोटोही काढतो. बरका म्हणजे हातात न ठरणारा, गिळायच्या आधीच घशात निघालेला बुळबुळीत गर. एका सुट्टीत एका नातवाने त्याला बोट लावलं आणि ‘यक्’ म्हणाला. सोप्यावर आजी आठळ्या निवडत बसली होती. तिने विचारलं, “काय म्हणालास रे?” तो म्हणाला, “म्हणजे शी, आजी.” आजी म्हणाली, “मग शीच म्हण की. तुमच्या त्या यक्ला उलटी झाल्यासारखा आवाज येतो.” दुसऱ्या दिवशी त्याच बरक्याचा रस गाळून तिने सांदणं केली. नातवाने नारळाच्या दुधात बुडवून ती खाल्ली आणि आणखी मागितली. राहिलेल्या रसाची पोळी ताटावर थापून वाळत घातली होती, ती त्याच्या बॅगेतून मुंबईला गेली. कशाची आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही शहाणपणाने विचारलं नाही. ज्या गावात राहून सावरकरांनी १९२४ ते १९३७ या काळात भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तिथे यक्ला असा विरोध एका आजीनेच करावा, याची मात्र नोंद घ्यायला हवी.

किळस उपजत असते की शिकवलेली, यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पॉल रोझिन यांनी आयुष्य घालवलं. त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी लहान मुलांपुढे कुत्र्याच्या विष्ठेसारखा दिसणारा पदार्थ ठेवला. होता तो शेंगदाण्याचं लोणी आणि उग्र चीज यांचा. दोन वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक बाळांनी तो आनंदाने तोंडात घातला. ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मुलाला शी येत नाही. ती त्याच्या तोंडात आई घालते, बोटाने काढता काढता. मोठ्यांवरही त्यांनी प्रयोग केले. फळाच्या रसात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ बुडवून काढलं आणि लोकांना विचारलं, प्याल का? झुरळ निर्जंतुक आहे हे सांगूनही बहुतेकांचा हात पुढे होईना. यावरून १९८६ साली त्यांनी नियम दाखवून दिला: एकदा शिवलं ते कायमचं शिवलं.

हा नियम आमच्या आजीला पाठ होता, आणि त्याच्या पोटकलमांसकट. दातांनी तोडलं ते उष्टं. शिजल्या भाताचा हात लागला ते खरकटं. स्नान न करता शिवलं ते ओवळं. रात्रभर राहिलं ते शिळं. उष्टं आणि खरकटं एक नव्हे. भात वाढताना डावाला लागलेलं शीत खरकटं असतं, उष्टं नसतं, आणि लोणच्याच्या बरणीला यातलं काहीही चालत नाही. खरकट्या हाताने पाण्याच्या कळशीला हात लावला तर ती कळशी रिकामी होऊन, घासून, पुन्हा विहिरीवर जाई. हात ज्याचा लागला त्याच्या पोटात तोच भात होता, हा मुद्दा मांडणाऱ्याला कळशी भरायला पाठवत. रोझिनसाहेबांना झुरळ विकत आणायचा खर्च करायचं कारण नव्हतं.

आमच्या गावाने एकदा राजाच सांभाळला. ब्रह्मदेशचा थिबा. इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवून १८८६ साली रत्नागिरीला आणला, १९१० साली त्याच्यासाठी वाडा बांधून पुरा झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्या देशात जेवणाचं पान ‘ङपी’शिवाय पुरं होत नाही. मासे किंवा कोलंबी मिठात कुजवून, कुटून केलेलं ते तोंडीलावणं. त्या वासाबद्दल इंग्रज मंडळींनी नाक मुठीत धरून लिहिलं आहे. पण अंगणात सोडे वाळत घालणाऱ्या गावाला त्यात शी म्हणण्यासारखं काही वाटलं नसतं असं माझं मत आहे. राज्य गेलेल्या माणसाला राहायला गाव निवडताना इंग्रजांच्या हातून एवढं एक बरं काम झालं.

इतका वेळ मी शीला घरगुती म्हणत आलो. पण तिचं मोठं नातेवाईक कुळ पंडितांकडे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांत बीभत्साला मानाचं पान आहे. त्याचा रंग निळा, दैवत महाकाल, आणि स्थायी भाव जुगुप्सा. दापोलीला वाढलेल्या भारतरत्न पांडुरंग वामन काण्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास लिहिला, त्यामुळे या जुगुप्सेवर रत्नागिरी जिल्ह्याचाही थोडा हक्क सांगता येतो. जुगुप्सा हा शब्द उच्चारतानाच जीभ अडखळते, पण त्याची बांधणी सुरेख आहे. तो आला ‘गुप्’ धातूपासून. गुप् म्हणजे राखणं, जपणं. त्यातूनच गुप्त आणि गोप. म्हणजे बांधणीकडे पाहिलं तर जुगुप्सा ही शिवी नाही, स्वतःला जपायची धडपड आहे. पाणिनीने एकाच सूत्रात तीन धातू एका प्रत्ययाला बांधले आहेत, आणि त्यातून तीन शब्द निघतात: जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा. किळस, सोसणं आणि उपचार. व्याकरणाच्या सोयीसाठी एका ओळीत बसवलेली ही तीन माणसं, पण बाळंतिणीच्या खोलीत किंवा आजाऱ्याच्या उशाशी जो बसला आहे त्याला हा क्रम तोंडपाठ असतो. पुढच्याच सूत्रातून मीमांसा आणि बीभत्स निघतात. अर्जुनाच्या दहा नावांत ‘बीभत्सु’ आहे ते यामुळेच: युद्धातही किळसवाणं काम न करणारा.

जपायच्या या अर्थाची आठवण आपल्या बायकांनी व्याकरणाशिवाय ठेवली होती. ज्या घरी मुलं जगत नसत, तिथे नव्या बाळाला केरात ठेवून उचलायचं आणि नाव ठेवायचं केरू, नाहीतर उकिरडा, नाहीतर धोंडू. मृत्यूने दारात यावं, नाव ऐकावं आणि शी म्हणून परत जावं, अशी योजना. गोऱ्यागोमट्या पोराची दृष्ट काढताना थू थू करतात तेही तसंच. मुलाला किळस पांघरून झाकायचं. हे नाव लावून ऐंशी वर्षं सुखाने जगलेले केरूतात्या कोकणात गावोगाव होते.

पण जपायची ही धडपड जेव्हा माणसांवर निघाली तेव्हा तिने जे केलं, ते हसण्यावारी नेता येत नाही. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, त्याची कुणाला शी नव्हती. माणसं प्याली म्हणून तळं बाटलं, आणि ते शुद्ध करायला त्यात १०८ घागरी ओतल्या, शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या. पिण्याच्या पाण्यात शेण घातल्यावर ते पिण्याजोगं झालं, असं मानणाऱ्यांचं नाक नेमकं कुठल्या कामाला होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि याच मुलखात एक माणूस असा निघाला की ज्याने शीशीच सत्याग्रह केला. अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. जन्म १८९४ चा, शिक्षण उत्तम, जात वरची. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली की संडास साफ करायचं काम मला द्या. तुरुंगात ते काम जातीवरून वाटलेलं असे; ब्राह्मण कैद्याला ते देणं नियमात बसेना. लोक शिक्षा टाळायला उपास करतात. अप्पांनी मैला उचलू द्यावा म्हणून अन्न सोडलं. ही १९३२ च्या डिसेंबरातली गोष्ट. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास धरला आणि सरकारला नमावं लागलं. सरकारने असा खलिता त्यापूर्वी कधी वाचला नसणार. बंदिवान काय मागतो, तर झाडू आणि डबा.

तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी हे काम सोडलं नाही. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या कणकवलीला १९४८ साली त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि तिथे संडासाचे, खताचे, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे प्रयोग केले. मैल्याचं खत व्हावं, कुणाला ते डोक्यावरून न्यावं लागू नये, हा त्यांचा हिशेब. त्या खताला मराठी शेतकऱ्याने फार पूर्वीच नाव दिलेलं होतं: सोनखत. एकाच वस्तूला घरात शी आणि शेतात सोनं म्हणणारी भाषा आपली. अप्पांनी मधलं अंतर चालून दाखवलं, इतकंच. गणित आवडणारा माणूस होता. त्याला या हिशेबात किळस कुठल्या रकान्यात मांडायची ते सापडलं नसावं.

हल्ली शी कमी झाली आहे असं नाही, ती जागा चुकते. मांडवीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र आपलं सगळं प्लास्टिक परत आणून टाकतो. त्याच्याकडे पाठ करून आम्ही भेळ खातो, आणि भेळेत कांदा जरा जास्त पडला तर शी म्हणतो. कापलेल्या हापुसात साका निघाला की घरभर हळहळ होते, आणि साल खिडकीतून खाली जाते. ज्याला शी म्हणायला हवं ते सवयीचं झालं, की नाक बंदरावरच्या पाचव्या मिनिटात जाऊन बसतं.

तेव्हा पावसाच्या तोंडाशी रत्नागिरीला आलात आणि कुणी पानावर बरक्याचे गरे वाढले, तर पहिला गर न बोलता गिळा. दुसऱ्याच्या वेळी शी म्हणावंसं वाटलंच तर खुशाल म्हणा, मात्र गऱ्याला म्हणा, वाढणाऱ्याला नको. आणि हात धुवायला पाण्याआधी खोबरेल तेल मागून घ्या. फणसाचा चीक पाण्याने जात नाही.